मिस्त्र्याच्या घरची मातीची भिंत

सत्तरच्या दशकात तुमसरच्या ज्या कुणा राइस मिलवाल्याने नवं घर बांधलं, त्याच्या बाहेरच्या भिंतीवर बहुतेक नत्थू मिस्त्रीचाच हात फिरलेला असे. थापीवर ओला माल घ्यायचा आणि मनगटाच्या एका झटक्यात भिंतीवर असा मारायचा की तो तिथेच बसला पाहिजे, ही त्याची खासियत. दुसऱ्या मिस्त्र्याच्या पायाशी किती माल सांडलाय ते पाहूनच तो त्याची लायकी सांगे, आणि सांगताना त्याच्या जिभेला हाड नसे.

स्वतः मात्र तुमसरजवळच्या आपल्या खेड्यात मातीच्या घरात राहायचा. त्या घराच्या भिंती म्हणजे त्याच्या बायकोचं, केशरबाईचं राज्य. दरवर्षी दिवाळीआधी ती माती चाळून, शेण आणि धानाचा कोंडा घालून मळायची, तळहाताने भिंत लिपायची आणि वर छुईच्या पांढऱ्या मातीचा हात द्यायची. गावाची रीतच होती, रस्त्याकडची भिंत घरच्याच बाईने लिपायची. परक्या बाईचा हात लागला की त्या घरची बाई थकली असं लोक समजत. बोलत कोणी नसे, पण जाता-येता बघत सगळे.

अठ्ठ्याहत्तर साली केशरबाईची बोटं आखडली. दोन्ही मुली लाखनीकडे दिलेल्या, घरात दुसरं बाईमाणूस नाही. तिने त्या दिवाळीला कसंबसं लिपलं आणि नंतर आठवडाभर हात शेकत बसली. नत्थू ते रोज पाहत होता. उन्हाळा लागल्याबरोबर तो म्हणाला, "केशर, औंदा भितीले सिमेंट मारून देतो. मंग जिंदगीभर लिपाचं काम नाई."

"मातीवर सिमेंट टिकते काय? तुमीच तं लोकायले नाई म्हनता," केशरबाई म्हणाली.

खरंच होतं ते. समोरच्या घनश्यामने हेच काम सांगितलं होतं, तेव्हा नत्थूने त्याला चारचौघांत झाडलं होतं. मातीच्या भिंतीला वारा लागतो, सिमेंटने तिचं नाक दाबशील तर एक दिवस अंगावर येईल, असं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! पण बायकोची वाकडी बोटं डोळ्यांपुढे आली की माणसाचं शहाणपण कुठं जातं कोण जाणे. आपल्या हाताने केलं तर टिकेल, असं त्याने स्वतःला पटवलं.

त्याने भिंतीत खिळे ठोकले, त्यांना कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी बांधली आणि वर सिमेंट मारलं. काम असं देखणं झालं की घनश्यामसुद्धा रस्त्यात थांबून बघत राहिला. केशरबाई रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिली आणि लांबून घर बघून आली. तीही खुश झाली होती, खोटं कशाला बोला.

पोळा झाला. तोवर पावसाने तळं भरून सांडव्यावरून वाहत होतं. नत्थूला जाता-येता कुठल्याही भिंतीवर बोटाच्या पेराने ठोकून पाहायची सवय. एका सकाळी त्याने दाराशेजारी ठोकलं, तर आतून पोकळ आवाज आला. बायकोपासून त्याने ते लपवलं. चार दिवस त्या भिंतीकडे बघायचंच त्याने टाळलं. पाचव्या दिवशी दुपारी दाराएवढा पोपडा जाळीसकट खाली आला. आतली माती भिजून लगदा झाली होती. वळचणीतून आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहिली नव्हती.

केशरबाई बाहेर आली. पडलेल्या पोपड्याच्या पाठीला तिची छुई चिकटून आली होती, एका वर्षावर दुसऱ्या वर्षाची, थरावर थर. ती तिथंच बसली आणि रडली. "माह्या हाताचं सारं निंगून गेलं," एवढंच म्हणाली. नत्थूला तोंड लपवायला जागा उरली नाही. दुसऱ्या दिवशी त्याने उरलेलं सिमेंट स्वतःच सोलून काढलं, भिंतीला वारा लागू दिला आणि कामावर न जाता तिच्यावर पहारा देत बसला. भिंत खचली असती तर छपरासकट घर गेलं असतं.

भिंत वाळली, वाचली. दिवाळी जवळ आली. शेजारची रत्नाबाई भल्या मनाने म्हणाली, "मी लिपून देते न बाई, तुह्या हातानं होत नाई तं." केशरबाई बरं म्हणाली आणि त्या संध्याकाळी जेवली नाही. उठून तिने मूठभर माती घेऊन पाहिली, ती बोटांतून गळून पडली. नत्थू ओट्यावर बसून हे बघत होता. बाई थकली हे गावाआधी तिलाच सोसवत नव्हतं.

सकाळी त्याने माती मळली आणि रस्त्याकडच्या भिंतीशी थापी घेऊन बसला. त्या गावात लिपणाला बसलेला पुरुष कोणी पाहिला नव्हता. पाण्याला निघालेल्या बाया थबकल्या. नत्थूने आपला तो प्रसिद्ध फटका मारला, आणि माती भिंतीला न चिकटता त्याच्याच धोतरावर आली.

केशरबाई बाज ओढून समोर येऊन बसली होती. तिने हात पुढे करून थापी मागून घेतली. "मातीले मारत नाई," ती म्हणाली. "हातानं घ्या, अन् दाबत न्या. वरून नाई, खालून."

घनश्याम अशी संधी सोडतो काय? "काय गा मिस्त्री, बाईमानसाचं काम कायले करून राहिला?"

"आज केशर मिस्त्री हाये, मी रेजा," माल वाहणाऱ्या मजूर बाईचं नाव स्वतःला लावत नत्थू म्हणाला आणि पुढचा गोळा उचलला. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. केशरबाईही हसली, आणि लगेच भिंतीच्या कोपऱ्यातली त्याची चूक काढली.

दिवसभर तिने त्याला सुखाने बसू दिलं नाही. इथं जाड झालं, तिथं कोंडा दिसतो, हात ओला करा. ज्याच्या बोलण्याला तुमसरचे मिस्त्री टरकायचे, तो ती म्हणेल तिथं पुन्हा लिपत होता. दुसऱ्या दिवशी छुई लागली. भिंतीवर तळहात फिरल्याच्या ओळी वाकड्या आल्या होत्या, कुठे दाट, कुठे विरळ. नत्थूला आपल्या कामाची लाज वाटली. "रत्नाबाईले एक हात फिरवू देऊ का?" त्याने विचारलं.

केशरबाई भिंतीजवळ गेली. आपला आखडलेला तळहात तिने त्याच्या वाकड्या ओळींवरून हळू नेला.

"दुसऱ्याचा हात नाई लागला पायजे," ती म्हणाली. "पुढच्या साली जमन तुमाले."