जावईबापूंची ओळख

"१२ मार्च, गुरुवार. ताई सकाळी आली. राजवाडा पाहायचा राहिला."

आजींच्या थोरल्या बहिणीची, ताईची, नजर अधू होत चालली होती. दिसतंय तोवर तिला राजवाडा पाहायचा होता, आणि हातात एकच दिवस होता. आजींनी जावयाला महिनाभर आधी तिकिटं काढायला सांगितलं होतं. "तिकिटं बाकीच्यांनी काढायची, आई. आपली ओळख आहे!" असं म्हणत तो मिरवत राहिला.

दारावर त्यानं ऐटीत राजवाड्यातल्या ओळखीच्या साहेबांचं नाव घेतलं. पहारेकरी म्हणाला, "ते रिटायर होऊन तीन वर्षं झाली. आजची तिकिटं संपलीत."

त्यावर या दीडशहाण्यानं ताईला कुंपणाशी उभं करून फोटो काढला. "झाला की नाही राजवाडा, मावशी?"

आजींनी संध्याकाळी वहीत पुढे लिहिलं, "भात दोघींपुरताच टाकला."