गल्लीची बडजी

हसणार नसाल तर सांगते. छे, हसणारच तुम्ही! माझ्या सख्ख्या नवऱ्याला अजून हसू आवरत नाही, तर तुमचं काय घेऊन बसलात? फक्त चहाचा घोट तोंडात असताना ऐकू नका, एवढीच विनंती.

तर झालं असं. मी आमच्या जळगावच्या कॉलनीतल्या महिला मंडळाची अध्यक्ष. दरवर्षी संक्रांतीचं हळदीकुंकू आम्ही करतो, आणि दरवर्षी वाणात प्लास्टिकचे डबे लुटतो. यंदा मी म्हटलं, बास झाले डबे! यंदा काहीतरी वैचारिक करायचं. म्हणून हळदीकुंकवाला जोडून प्रदर्शन ठेवलं. विषय काय? 'आपल्या डोळ्यांदेखत नाहीशा होणाऱ्या वस्तू'.

बायका अशा खूश झाल्या म्हणता! प्रत्येकीला एकदम गहिवर आला. एकीनं रॉकेलचा स्टो आणला, एकीनं पितळी बंब, एकीनं चावीचं घड्याळ. एकीनं तर घरचा लँडलाइन फोन तारेसकट उपटून आणला. मागच्या बाजूला सेल्फी पॉइंट. पाट्यावर वरवंटा धरून फोटो काढायचा, खाली लिहायचं, 'गेले ते दिवस!' आणि घरी जाऊन मिक्सर लावायचा.

मी तरी कुठे वेगळी होते? स्वयंपाकघरात ग्रॅनाइट बसवला तेव्हा सासूबाईंचा पाटा मीच भंगारवाल्याच्या गाडीवर चढवला होता. वर त्याला म्हटलं होतं, 'लवकर ने बाबा, पायात येतो.' आता तोच पाटा प्रदर्शनाला हवा म्हणून दुसरीच्या दारात मागायला गेले!

पण अध्यक्षांची स्वतःची वस्तू काय? इथे माझी खरी पंचाईत. घरात सगळं नवं. मग आठवलं माहेर.

माझं माहेर यावलकडचं, केळीच्या पट्ट्यातलं. भाऊ सुभाष, त्याची बायको मंगला आणि त्यांचा मुलगा योगेश. योगेश बीएस्सी अ‍ॅग्री शिकलेला, ठिबकवरची सुरेख केळी करतो, निर्व्यसनी, देखणा. पण लग्न म्हणून जमेना! मुलीकडचे यायचे, केळीची बाग बघून खूश व्हायचे, घड नेतो म्हणायचे, आणि जाताना विचारायचे, "पुण्यात फ्लॅट नाही का?" पोराचं वय तिशीपलीकडे गेलं होतं. मंगलानं तर देवळात जाणंच सोडलं होतं, देवाशी बोलणं बंद होतं तिचं.

एकदा आम्ही दोघं गाडी घेऊन माहेरी गेलो. न कळवता गेलो, त्यामुळे घराला कुलूप. सगळे बागेत गेलेले. शेजारचे धोंडूनाना तेवढे ओट्यावर ऊन खात बसलेले. आणि गल्लीतल्या कडुनिंबाखाली पालथी पडलेली मला काय दिसावी? बडजी!

तुमच्यात कुणाला ठाऊक नसेल तर सांगते. बडजी म्हणजे लाकडाचा जाड ओंडका मधून कोरून केलेलं भांडं. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर हिरवी वांगी भाजायची, साल काढायची आणि मिरची-लसूण घालून या बडजीत मुसळीनं ठेचायची. त्याला म्हणायचं भरीत! बाकी मिक्सरमधून निघतो तो वांग्याचा शाम्पू.

बडजीवर मांजर झोपलं होतं. मी म्हटलं, बघा, ज्या बडजीनं पिढ्या जेवू घातल्या ती रस्त्यावर पडलीय आणि कुणाला पर्वा नाही!

"नाना, ही बडजी कोणाची?"

"कोनाची म्हंजे? साऱ्या गल्लीची व माय."

आता मला सांगा, साऱ्यांची म्हणजे काय? आमच्या कॉलनीत साऱ्यांचा जिना आहे. तो कोण झाडतं? कोणीच नाही! साऱ्यांची म्हणजे कोणाचीच नाही, हे मी इतकी वर्षं शहरात राहून शिकलेले. आणि गेटाबाहेर ठेवलेली वस्तू म्हणजे घंटागाडीला दिलेली.

"मग मी नेऊ का, नाना?"

"ने ना. सारेच नेतात."

नानांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, म्हाताऱ्याला भरून आलं. मी त्यांच्या पाया पडले. आमच्या ह्यांनी बडजी कशीबशी डिकीत कोंबली, कंबर धरली आणि म्हणाले, "अगं, सुभाषला फोन तरी कर."

"नको, त्याला प्रदर्शनात सरप्राइज देऊ."

दुसऱ्याच दिवशी नाना भुसावळला लेकीकडे गेले. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. डोळ्यात पाणी का होतं ते तुम्हाला कळलं असेलच. मला नाही कळलं!

घरी आणून मी बडजी घासली, पुसली आणि तिला दोन हात व्हार्निश मारलं. अशी चकाकली म्हणता! वर सुंदर अक्षरात पाटी ठोकली: 'बडजी. भरीत ठेचण्याचे पारंपरिक पात्र. आज ही वस्तू गावात शोधूनही सापडत नाही.'

ही पाटी लक्षात ठेवा हं.

चार दिवसांनी सुभाषचा फोन. आवाजात आनंद मावत नव्हता. योगेशसाठी धुळ्याचं स्थळ आलेलं. मुलगी शिकलेली, योगेशशी फोनवर बोललेली, दोघांची पसंती झालेली. आता रविवारी तिचे आईवडील घर बघायला येणार होते. तेवढं झालं की सोयरीक पक्की. आणि मुलीच्या वडिलांनी तोंडानं मागून घेतलं होतं, "आमले काही नको, फक्त तुमनाकडलं बडजीनं भरीत खावाडा."

"मग कर ना दणक्यात!" मी म्हटलं.

"कसं करू, अक्का? बडजी सापडून नही राह्यली! प्रल्हादभाऊ म्हने मी धुऊन कडुनिंबाखाली पालथी घातली व्हती. वासुदेवआबा म्हने खोटं बोलते, त्याच्या घरातच असीन. दोघंबी एकमेकाच्या अंगावर गेले. आबाच्या सुनेनं प्रल्हादभाऊच्या घरचं दूध बंद केलं."

आता तुम्ही म्हणाल, कडुनिंबाखाली म्हटल्यावर तरी या बाईच्या डोक्यात उजेड पडला असेल! शपथेवर सांगते, नाही पडला. माझ्या मनात पक्कं होतं की मी नेली ती टाकून दिलेली बडजी. हरवली ती दुसरी, वापरातली.

आमच्या ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं. "अगं, ती हीच तर नाही ना?"

"तुम्हाला काही कळतं का? आपण काय चोर आहोत?"

उलट मी सुभाषलाच सुनावलं, "बघ, घेतलेली वस्तू परत द्यायची रीतच उरली नाही गावात. एकेकाच्या घरात शिरून बघ. सोडू नकोस!" आणि माझ्या त्या शब्दावर माझा गरीब भाऊ खरंच एकेकाच्या घरात शिरला. परिणाम? बिचारी गल्ली! शेजारी शेजाऱ्याशी बोलेना. मंगलाला धसका, की पाहुणे यायचे आणि गल्लीत मारामारी बघून परत जायचे.

शनिवारी प्रदर्शन. हॉल गच्च भरलेला. पाहुण्या म्हणून एक माजी नगरसेविका, त्या बडजीशेजारीच खुर्चीत. मी माइक हातात घेतला आणि बाई, मला काय सुचत गेलं! म्हटलं, "भगिनींनो, किल्ली जाईल, पाकीट जाईल, मनगटावरचं घड्याळ जाईल. वस्तू जातात याचं मला दुःख नाही. पण माणसातली नीती चाललीय, तिचं काय? परवाच माझ्या माहेरी, भर गल्लीतून, कोणीतरी बडजी चोरली! एका गरीब पोराचं लग्न त्या बडजीवर अडलंय! कोणत्या काळजाचा असेल तो चोर?"

आणि भावनेच्या भरात मी शेजारच्या बडजीवर हात आपटला.

टाळ्या! पाहुण्या बाईंनी पदर डोळ्याला लावला. पहिल्या रांगेत आमचे हे मात्र खोकत होते. मला वाटलं, तिळगूळ घशात अडकला.

तेवढ्यात दारातून सुभाष आत आला. मागे प्रल्हादभाऊ, वासुदेवआबा आणि काळा गॉगल लावलेले धोंडूनाना. नवी बडजी कुठे मिळेना, म्हणून सुभाषला वाटलं होतं, अक्काच्या प्रदर्शनात एखादी असली तर एका दिवसापुरती मागून आणू. येताना भुसावळहून नानांनाही पिकअपमध्ये घेतलं होतं. दोन्ही भांडणारे सोबत का? तर एकमेकांवर नजर ठेवायला!

प्रल्हादभाऊ बडजीजवळ थांबले. वाकले. कडेला पत्र्याचं ठिगळ होतं, त्यावर बोट फिरवलं. मग पाटी मोठ्यानं वाचली, "आज ही वस्तू गावात शोधूनही सापडत नाही."

नानांनी गॉगल कपाळावर सरकवला. नव्या डोळ्यानं आधी बडजी बघितली, मग मला. त्या दिवशी मोतीबिंदूच्या डोळ्याला मी गल्लीतलीच कुणीतरी वाटले होते.

"कशी सापडीन व माय? तूच त् इथी आनून ठेवली!"

"नाना, तुम्हीच म्हणालात ना, ने म्हणून!"

"ने म्हंजे ने, भरीत कर, न् आनून ठेव! साऱ्या गल्लीत तशीच फिरते ते. लहानाची मोठी झाली तू त्या गल्लीत, इसरली?"

विसरले होते हो! लहानाची मोठी तिथे झाले, आणि 'ने'मध्ये 'परत आण' धरलेलं असतं, एवढंही विसरले होते. प्रदर्शन मांडून बसले होते मी, नाहीशा होणाऱ्या वस्तूंचं!

माइक चालूच होता, हे वेगळं सांगायला नको.

बडजी पिकअपमध्ये चढली, मागून मीही चढले. गावात मंगलानं बडजी बघितली, नाक जवळ नेलं आणि मटकन खाली बसली. "अक्का, हिला तर रंगवलेल्या खिडकीचा वास येऊन राह्यला!" मग काय, गल्लीतल्या सगळ्या बायका जमल्या. गरम पाणी, चिंच, काचेचे तुकडे, राख. आबांची सून आणि प्रल्हादभाऊंची बायको एकाच बडजीवर वाकून खरवडत होत्या, आणि दोघी मिळून मला शिव्या देत होत्या. भांडण तर तिथेच मिटलं! पण वास काही मिटला नाही.

रविवारी पाहुणे आले. भरीत शेवटी परातीत तांब्याच्या बुडानं ठेचलं. मुलीच्या वडिलांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीशी पहिला घास घेतला. चावला. थांबले.

"भरीत चांगलं शे, भाऊ. पन हाई बडजीनं नही."

सुभाषचा चेहरा उतरला. योगेशनं मान खाली घातली. खोटं बोलायला तोंड उघडलं होतं मंगलानं, पण माझ्याच्यानं बघवेना. माझ्या पायी पोराची सोयरीक मोडली तर माहेरचा उंबरा कोणत्या तोंडानं चढणार होते मी? पुढे झाले आणि सगळं सांगून टाकलं. मांजरापासून माइकापर्यंत. व्हार्निशसकट.

त्यांनी ऐकून घेतलं. हातातला घास तसाच. मग खांदे हलायला लागले. मग ठसका. मग मुलीची आई हसायला लागली, मग सगळी पंगत. पाणी पिऊन, डोळे पुसून ते म्हणाले, "पोर दिधी समजा! जी गल्ली एक बडजीसाठे इतलं भांडस, ती मनी पोरले एकली पडू देवाव नही."

मंगला रडली. मीही रडले, कशासाठी ते विचारू नका.

वैशाखात लग्न झालं. मी झोकात पैठणी नेसून, वराची आत्या म्हणून मिरवत रुखवत बघायला गेले. लाडू, चिवडा, लोकरीची तोरणं, आणि मधोमध एक नवीकोरी बडजी, धुळ्याच्या सुताराकडून मुद्दाम घडवून आणलेली! आमच्या गल्लीला भेट म्हणून. मला इतकं भरून आलं! म्हटलं, चला, माझ्यामुळे का होईना, नाहीशी होणारी एक वस्तू जगात नव्यानं आली. मोबाइल काढला, फोटो घ्यायला पुढे वाकले.

बडजीवर नव्या सुनेच्या सुरेख अक्षरात एक पाटी होती. माझ्या पाटीसारखीच, ठोकलेली.

'ही वस्तू वापरात आहे. आत्याबाईंनी कृपया नेऊ नये.'