पोचू देव सांगतो, पण कुणाला?

मोहर्लीच्या बाजूला पोचू आत्रामचं नाव कुणालाही विचारा, लोक रिसॉर्टकडे बोट दाखवतील. सांजेला तिथं शेकोटी पेटली की पोचू डोक्याला पागोटं बांधतो, त्यात मोरपीस खोचतो आणि वाघ बघायला आलेल्या पाहुण्यांना आम्हा गोंडांचे देव सांगतो. आमचा धर्म पोथीत नाही, बापाच्या तोंडात आहे. बापानं लेकरांना सांगायचा, लेकरांनी पुढं त्यांच्या लेकरांना. पोचूच्या बापानं मोहफुलं वेचता वेचता त्याच्याकडून सगळं पाठ करून घेतलं होतं. चुकला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून पोचूनं कुळाची कथा धरली की अंगावर काटा येतो. मी त्याचा शेजारी, लहानपणीचा सोबती. मला त्याच्या गळ्याचा फार अभिमान होता. आता नुसता संताप येतो.

पोचूला दोन पोरी. थोरली मोनाली आश्रमशाळेत शिकली, चंद्रपूरला नर्स झाली. धाकटी दिव्यानी अजून शाळेत आहे. या दोघींना पोचूनं देवाचं एक अक्षर सांगितलं नाही. बायको सोमारी त्याच्या मागं लागायची. तिचं माहेर चार देवांचं, म्हणजे कूळच वेगळं. सासरच्या कुळाची कथा बाईनं सांगायची आमच्यात रीत नाही. ती म्हणायची, "पोरीले आपले देव सांगा ना हो. तुमच्याशिवाय कोण सांगन?"

"अभ्यास करून राह्यली ना ते," पोचू म्हणायचा. "लग्नाच्या वक्ताले सांगू."

आणि निघाला मोरपीस खोचून. पाहुण्यांनी विचारलं तर तेच पुन्हा दोनदा सांगेल, मोबाईलसमोर उभा राहून सांगेल, त्यांच्या पोरांना मांडीवर घेऊन सांगेल. घरचं लेकरू उपाशी आणि गावजेवणाला हा वाढपी!

मागच्या उन्हाळ्यात मोनालीनं घरी सांगितलं की तिला लोकेशशी लग्न करायचंय. लोकेश एटापल्लीकडचा, आपल्याच समाजाचा, तिच्याच दवाखान्यात कामाला. गुणी पोरगा. त्याचं आडनाव आमच्या भागात कुणी ऐकलेलं नव्हतं. सोमारीनं नवऱ्याला विचारलं, "देव इचारले का त्याचे?"

"शिकलेली पोरगी हाय. तिनंच इचारले असन."

कुठून विचारणार? विचारायचं असतं हे तिला कुणी सांगितलं होतं? आमच्यात घराणी देवांवर चालतात. कुणी चार देवांचे, कुणी पाच, कुणी सहा, कुणी सात. ज्यांचे देव सारखे ते भाऊबंद. आडनाव वेगळं असो, गाव दोन जिल्ह्यांपलीकडं असो, त्यांच्यातली पोरं म्हणजे बहीण-भाऊ. पोचू शेकोटीपाशी हे रोज सांगतो. पाहुण्यांमधली पोरंसुद्धा ते ऐकून घरी जातात.

लोकेशकडची मंडळी बोलणी करायला आली. अंगणात सतरंजी टाकली. सोमारीनं पाण्याचे गडवे आणले. पण पाण्याला तोंड लावायच्या आधी गावाचा म्हातारा पुजारी पत्रू यानं रीतीप्रमाणं विचारलं, "पावणे, किती देवाचे?"

लोकेशनं बापाकडं बघितलं. लोकेशलाही माहीत नव्हतं! तिकडंही असाच एक बाप. लोकेशचा बाप म्हणाला, "सहा."

पत्रूनं हातातला गडवा खाली ठेवला. पोचूचे देव सहा.

"काय झालं?" मोनालीनं विचारलं. मग पोचूनं घसा साफ केला आणि सांगायला लागला. सहा देव कोण, कुठून आले, कुळं कशी वाटली गेली. देवाशपथ सांगतो, तोच गळा, तेच हातवारे, पाहुण्यांना हसवायला मध्ये थांबायचा तसाच थांबला. मोनाली ऐकत राहिली. नंतर म्हणाली, "हे तू तिकडं रोज सांगते ना, बा? मले काऊन नाई सांगतलं?"

पोचूला शरम वाटायला हवी होती. तो उलट तिच्यावरच ओरडला, "आजकालच्या पोराईले देवधर्माची पर्वाच नाई!"

मग माझंही डोकं सटकलं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "पोचू, देवाचा नेम चुकला नाई. पोरगीबी चुकली नाई. तू चुकला."

"मले वाटलं, पाहून पाहून शिकन," तो पुटपुटला. काय पाहून? पोरगी होस्टेलात आणि हा रिसॉर्टात!

मोनाली रडली नाही. ती बापाला म्हणाली, "पयल्याच दिवशी मले मालूम असतं, तर म्या त्याले दादा म्हटलं असतं. आता कोणत्या तोंडानं म्हणू?"

लोकेशकडचे लोक पाणी न पिता उठले. मोडलं. दोघांनी रीत मानली. ज्यांना रीत कुणी शिकवली नाही त्यांनीच ती पाळली, हे लिहितानाही माझे दात आवळले जातात. लोकेश दुसऱ्या दवाखान्यात गेला. मोनालीला स्थळं येतात, ती नाही म्हणते.

पण सुट्टीत ती गावी येते आणि सरळ पत्रूच्या घरी जाते. बापानं न सांगितलेलं सगळं तिनं पत्रूकडून शिकून घेतलं. परवा पडवीत बसून ती दिव्यानीला कथा सांगत होती. मध्ये एका ठिकाणी अडली. पोचू कामावर निघाला होता, ते ऐकून तो दारातच थांबला. पुढची ओळ त्याच्या ओठावर आली आणि त्यानं ती म्हटलीसुद्धा.

मोनालीनं वर बघितलं.

"तू जाय, बा," ती म्हणाली. "तुये पावणे वाट पाहून राह्यले असन."