दोन घरांचं एक धुराडं

कात्रीमावशीचं खरं नाव गावात दोन-चार म्हाताऱ्यांनाच ठाऊक असेल. बाई शिवणकाम करायची आणि जीभ अशी चालायची, की हे नाव चिकटायला वेळ लागला नसणार. कुणी फाटका कोट घेऊन गेलं की ती आधी कोटाचा उद्धार करायची, मग तो घालणाऱ्याचा, आणि मग असा रफू करून द्यायची की फाटलं कुठे होतं ते शोधावं लागे. माझ्या किराणा दुकानात आली की तराजूवर डोळा ठेवून उभी. "अंगठा काढ गं," म्हणायची. माझा अंगठा तिथे नसायचाच, पण चार गिऱ्हाइकांसमोर मी मुकाट्याने हात मागे घ्यायची.

लग्न होऊन आली तेव्हा धाकटा दीर पाच-सहा वर्षांचा, आईवेगळा. त्याचं नाक पुसण्यापासून मिसरूड फुटेपर्यंत सगळं हिनेच केलं. स्वतःला मूल झालं नाही. त्यालाच बाळ्या म्हणायची. पुढे बाळ्याचं लग्न झालं, मावशीचा नवरा वारला आणि बाळ्याने घराच्या मधोमध भिंत घातली. दारं दोन झाली, चुली दोन झाल्या. धुराडं मात्र एकच राहिलं, कारण दुसरं कुणी बांधायचं यावरून जुंपली आणि बोलणंच तुटलं. त्याच्या रेडिओचा आवाज वाढला की ही कात्रीच्या मुठीने भिंत ठोकायची. ही ठोकायला लागली की तो आवाज आणखी वाढवायचा. एवढाच काय तो संवाद.

त्या आठवड्यात सोमवारी वारा फिरला आणि बर्फ सुरू झाला. मंगळवारी खिडक्या निम्म्या बुजल्या. अशा दिवसांत आमच्या गावात कुणी कुणाकडे जात नाही. सकाळी उठायचं, काच खरवडायची आणि शेजाऱ्याच्या धुराड्याकडे बघायचं. धूर आहे म्हणजे चूल पेटली, माणसं ठीक. धूर नसला तर फावडी घेऊन निघायचं, मग आदल्याच दिवशी त्याच्याशी कडाक्याचं भांडण झालेलं असलं तरी. या रिवाजाचा आम्हाला कोण अभिमान! पाहुण्याला तो ऐकवल्याशिवाय आम्ही सोडत नाही.

बुधवारी आमच्या समोरच्या, मावशीच्या धुराड्यातून धूर होता. गुरुवारी होता. शुक्रवारी तर असा काळा निघत होता की मी नवऱ्याला म्हटलं, "कात्रीमावशी आज अख्खं झाड जाळतेय वाटतं!"

शनिवारी वारा पडला, आकाश निवळलं आणि धूर दिसेना. बघता बघता सात-आठ जण जमले. सुतार होता, मास्तर होते, आम्ही दोघं होतो. कमरेएवढा बर्फ उपसत दिराच्या दारापर्यंत पोचलो, तोवर तोच बाहेर आला. हात कोपरापर्यंत काळे.

"अरे, काही झालेलं नाही! काजळी साचून धूर घरात यायला लागला, म्हणून चूल विझवून साफ करतोय. चहा ठेवला असता, पण चूल कुठाय!"

आम्ही हसलो. परत फिरता फिरता सुतार म्हणाला, "तुझी विझवलीस ते ठीक. पण मावशीची?"

धुराडं एक आणि घरं दोन, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आठवडाभर एकालाही सुचलं नाही.

मावशीचं दार तोडावं लागलं. बुधवारी संध्याकाळी माळ्यावरची लाकडं काढताना ती स्टुलावरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. तशीच सरपटत ती मधल्या भिंतीपाशी गेली होती, कारण पलीकडच्या चुलीने तेवढीच भिंत कोमट राहायची. अंगावर गिऱ्हाइकांचे कोट ओढून घेतले होते. उजवा पाय मात्र उघडा राहिला होता आणि तो काळा पडला होता. ती आमच्याकडे बघत होती, पण बोलत नव्हती. कात्रीमावशी गप्प आहे हेच आधी अंगावर आलं.

रस्ता मोकळा झाल्यावर तिला शहरातल्या दवाखान्यात नेलं. पाय घोट्यापासून कापावा लागला. पायमशीनवर उभा जन्म काढलेली बाई ती!

दीर गावभर सांगत सुटला, "ठोकत होती हो, पण ते रोजचंच. मला वाटलं रेडिओसाठी भांडतेय. हाक मारली असती तर धावत गेलो असतो. आणि शेवटी वाचली ती माझ्याच चुलीच्या उबेने ना?" लोकांनी माना डोलावल्या. मलाही पटलं. तिच्या स्वभावावर खापर फोडणं आम्हा सगळ्यांच्याच सोयीचं होतं.

दवाखान्यात भेटायला दीर, त्याची बायको आणि मी असे गेलो. तिचा पाय पाहून तो ढसाढसा रडला. नाटक नव्हतं ते.

"वहिनी, एकदा हाक मारायचीस गं. फक्त एकदा. भिंत फोडून आलो असतो."

मावशी छताकडे बघत होती. "मारली की," ती म्हणाली. "ठोकून ठोकून हात राहिला, तेव्हा मारली. बाळ्या म्हणून मारली. इतक्या वर्षांनी."

"मला नाही ऐकू..."

"तू रेडिओ बंद केलास. मला वाटलं, निघाला. मग बायकोला म्हणालास, 'आज म्हातारीला बाळ्या आठवला! काहीतरी काम असणार.' आणि रेडिओ परत लावलास."

त्याची बायको जमिनीकडे बघत हळूच म्हणाली, "अहो, मी म्हटलं होतं, जाऊन बघा म्हणून."

तिथे आणखी दोन खाटा होत्या. त्यांच्यावरची माणसंही आता आमच्याकडे बघत होती. मी दिराकडे पाहत राहिले. त्याने नाही म्हणावं, असं मला फार वाटत होतं. तो नाही म्हणाला नाही.