भैरीच्या रूपांचे चाप

महिपतला सगळ्यात जास्त राग यायचा तो सहदेवच्या चांगुलपणाचा. सहदेव त्याचा चुलत भाऊ, वयाने धाकटा. तो उर्मट असता, नाहीतर पिऊन पडणारा असता, तर महिपतचं आयुष्य किती सोपं झालं असतं! मनसोक्त शिव्या तरी घालता आल्या असत्या. पण सहदेव भेटला की आधी वाकून पाया पडायचा, आणि महिपतला दात-ओठ न खाता आशीर्वाद द्यावा लागायचा.

दोघेही डोंगरावरच्या कुडपण गावचे. महिपत तरुणपणीच डोंगर उतरून बिरवाडीत आला, भाड्याची खोली घेतली आणि तारेचं काम करणाऱ्या एका कारखान्यात लागला. स्प्रिंगा, आकडे, चाप, जाळ्या. एमआयडीसीतल्या केमिकल कंपन्यांना लागणारं सगळं तो तारेतून वाकवायचा. वाकवायला काय, कुणीही शिकेल. पण कुठल्या जागी कुठली तार हे महिपतला विचारावं. दमट जागेला स्प्रिंगची साधी तार दिली की एका पावसाळ्यात गंज. स्टेनलेस म्हणून मिरवणारं स्टीलही काही वाफांपुढे मान टाकतं. पितळ दिसायला देखणं, पण अमोनियाचा वास लागला की वाकवलेल्या जागी तडकतं.

हे सगळं त्याने सहदेवला हाताला धरून शिकवलं. आणि शिकून तयार झाल्यावर सहदेवने स्वतःचं वर्कशॉप काढलं! पाटी लागली त्या दिवशी पेढे घेऊन तो पहिला महिपतच्याच खोलीवर आला. महिपतने पेढा खाल्ला, पाठ थोपटली, आणि त्याचं पोट जे दुखायला लागलं ते काही थांबलं नाही. त्यानंतर पोलादपूरच्या एसटी स्टँडवर कुणी गाववाला भेटला की पहिला प्रश्न ठरलेला, ‘सहदेवचा कसा काय चाललाय?’ जणू महिपत म्हणजे त्याच्या चौकशीच्या खिडकीत बसलेला कारकून.

अशात गावात एक प्रकार घडला. शिमग्याला भैरीदेवाची पालखी खांद्यावर नाचवतात. पालखीत देवाचे चांदीचे मुखवटे. गावात त्यांना रूपं म्हणतात. ती पिढ्यान् पिढ्या दोरीने बांधत आले होते. त्या वर्षी नाच रंगात आला असताना दोरी सैल पडली आणि एक रूप कललं. पडलं नाही, पण गाव हादरला. गणपतीत बैठक बसली आणि ठरलं की दोरीऐवजी तारेचे चाप लावायचे.

“पण देवाच्या अंगाला लोखंड लागला नाय पायजे,” म्हातारे मानकरी भागोजीआबा म्हणाले. “स्टीलबी नको. ताबी लोखंडच.”

कुणीतरी म्हणालं, “मग सहदेवला सांगा.”

सहदेव लगेच उठला. “दादा असताना मी कशाला? त्याच्याच हाताखाली शिकलोय मी.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. काम महिपतला मिळालं, पण त्याचे कान तापले. म्हणजे हेही सहदेवने सोडलं म्हणून आपल्या वाट्याला!

लोखंड नको आणि दाबून सोडलं की परत मिटणारी तार हवी, तर खरी निवड एकच होती. फॉस्फर ब्राँझ, तांब्यात कथील मिसळून केलेली. ती असा ताण वर्षानुवर्षं सोसते. महिपतला हे पाठ होतं. पण बिरवाडीत ती होती फक्त सहदेवकडे, आणि सहदेवच्या दारात तार मागायला जायचं? त्यापेक्षा हात तोडून घेतला असता! त्याच्या कारखान्यात खेचून कडक केलेली पितळी तार होती. पितळ काय, देवाघरचंच. त्याने तीच वाकवली, आणि काम खरंच देखणं झालं.

दिवाळीला चाप घेऊन तो गावी आला. सहदेव फराळाला येणार, चाप बघणार, घडण उचलणार, हे डोक्यात बसलं. घरात कुठे ठेवले तरी त्याच्या नजरेस पडतील. शेवटी कापडात गुंडाळून त्याने ते गोठ्यात, बैलांच्या दावणीवरच्या वाशात खोचले.

“देवाचे चाप गोठ्यात?” त्याच्या बायकोने, रखमाने, कपाळाला हात लावला. “आसा कोण ठेवतो का?”

“तुला नाय कळायचा. गप ऱ्हा गो.”

शिमग्यापर्यंत चाप तिथेच राहिले.

पालखी सजवायच्या सकाळी सगळा गाव देवळात जमला होता. महिपतने ऐटीत पुरचुंडी सोडली. पहिला चाप बोटांनी दाबला आणि तो कट्‌कन तुटला. दुसराही तुटला. तिसऱ्याला वाकवलेल्या जागी केसाएवढ्या चिरा दिसल्या आणि त्याने तो दाबलाच नाही. भागोजीआबांनी मुकाट्याने जुनी दोरी मागवली.

तेवढ्यात सहदेव पुढे झाला आणि खिशातून रुमाल काढला. “दादा, तू केलेले दुसरे चाप माझ्याकडंच ऱ्हायले व्हते बघ.”

रुमालात तांबूस तारेचे चाप होते. मापात नेमके. महिपतने असले चाप कधी केले नव्हते.

“फॉस्फरचे?” त्याने दबल्या आवाजात विचारलं.

“व्हय. म्हटला, एखादा तुटलाच तर असावं.” सहदेवने तुटका तुकडा हुंगला आणि आवाज आणखी खाली आणला. “गोठ्यात ठेवलं व्हतंस? शेणामुतातबी अमोनिया असतो, दादा. पितळेला तो सोसत नाय, ह्या तूच शिकवलंस मना.”

तो हसला असता तर महिपतने त्याला तिथेच कानफटवलं असतं. पण मेला हसलाही नाही.

चाप लागले. पालखी दुपारभर नाचली, उडाली, गिरक्या घेऊन गेली. रूपं जागची हलली नाहीत. पालखी टेकल्यावर भागोजीआबांनी मानाचा नारळ महिपतच्या हातात दिला. “आजपासून चापांचा मान तुझ्या घराण्याचा.”

महिपतने सहदेवकडे पाहिलं. सहदेव सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवत होता. नारळ हातात चटके देऊ लागला. गावात नाव त्याचं, वर्कशॉप त्याचं, आणि आता हा मानही त्यानेच भीक घातल्यासारखा दिलेला! जन्मभर त्याच्या उपकाराखाली राहायचं? छ्या!

“ह्ये चाप माझे नायत!” तो ओरडला. “सहदेवने केल्यात. माझे तुटले. मी ते गोठ्यात लपवले व्हते, त्याला दिसू नयेत म्हणून. घ्या तुमचा नारळ!”

भागोजीआबांचे डोळे भरून आले. “बघा रे, बघा! मान हातात आलेला असताना खरा बोलला. येवढा मोठा मन ह्या गावात कुणाचा हाय?” त्यांनी नारळ पुन्हा महिपतच्याच हातात दाबून बसवला. माणसं त्याच्याभोवती गोळा झाली, कुणी गुलाल लावला, कुणी पाया पडलं. चाप कुणी केले याची आठवण कुणालाच राहिली नाही.

गर्दीबाहेर सहदेव एकटा उभा होता. टाळ्या थांबल्या होत्या. ओठ हसत होते, पण नजर त्या नारळावर खिळली होती.

ती नजर महिपतने बरोबर ओळखली. पेढे खाल्ल्या दिवसापासून तो ती आरशात बघत आला होता. त्याने नारळ छातीशी धरला आणि कितीतरी वर्षांनी सहदेवकडे बघून अगदी मनापासून हसला.