काशीरामचा फणसाचा ड्रम

काशीरामभाऊ शिवलकर आमचे शेजारी. दिवसा रत्नागिरीच्या बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात मिस्त्री, आणि दिवाळी झाली की मे महिन्यापर्यंत सुट्टीच्या दिवशी एका ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवतात. माणूस तसा अबोल, पण हवेचा विषय निघाला की बोलत सुटतो. वारा खारा आहे की मळभ येतंय, हे त्यांना आभाळाकडे बघून नाही, ड्रमवर टिचकी मारून कळायचं.

तो ड्रम दुकानातला नव्हता. सेटमधले बाकीचे ड्रम प्लॅस्टिकच्या पडद्याचे, त्यांना ऊनपाऊस सारखाच. पण समोरचा छोटा, ज्याला ते साइड ड्रम म्हणतात, तो राजापूरच्या सखारामदादांनी हाताने करून दिलेला. दादा सुतार, आणि मृदंगही उत्तम वाजवत. काशीरामभाऊंचा हात त्यांनीच बसवला. फणसाचा अखंड ओंडका मृदंगाच्या खोडासारखा आतून कोरून, वर बकऱ्याचं कातडं ताणून त्यांनी तो बनवला होता. त्याचा आवाज भरीव होता. मला संगीतातलं फार कळत नाही, पण तो वाजला की भिंतीपलीकडून वेगळा ओळखू यायचा.

आपल्याकडच्या दमट हवेत कातडं सैल पडतं, लाकडाला बुरशी धरते. आपण पावसाळ्यात कपाटात बल्ब लावून ठेवतो ना, तसा भाऊंनी ड्रमसाठी फळ्यांचा खोका केला आणि आत चाळीसचा बल्ब बसवला. दाभोळला खाडीच्या तोंडाशी कार्यक्रम असो की चिपळूणला नदीकाठी, मुक्कामाला पोचल्यावर हे आधी प्लग शोधणार. नीरजावहिनी म्हणायच्या, "आमच्या लग्नात मला ताप आला होता, तेव्हा नाही एवढी धावपळ केली यांनी."

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत दौरा लागला. दाभोळ, चिपळूण, मग कुंभार्ली घाट चढून कराड, आणि तिथून अणुस्कुरा घाटाने उतरून शेवटी राजापूर. घाटावर हा ड्रम भाऊ कधी नेत नसत. या खेपेला टेम्पो कराडहून थेट राजापूरला जाणार होता, आणि सखारामदादांनी निरोप धाडला होता, "पुढल्या रांगेत बसणार हाय. माझा फणस आण." दादा ब्याऐंशीचे. पुन्हा कधी ऐकणार? म्हणून ड्रम निघाला.

दादांनी फोनवर बजावलंही होतं. "घाट चढलास की बल्ब बंद. फडकं ओलं करून, घट्ट पिळून गुंडाळायचं. वरची हवा लाकडातलं पाणी ओढून घेते."

"ओलं फडकं? वाद्याला?" फोन ठेवून भाऊ वहिनींना म्हणाले.

"ज्यांनी केलाय ते सांगतायत. तुमचा बल्ब तरी कुठल्या पुस्तकात लिहिलाय?"

कराडला पोचले तेव्हा थंडी होती. भाऊंनी ड्रमला हात लावला, तर लाकूड गार लागलं. आता, रत्नागिरीच्या माणसाला गार लागलं म्हणजे ओलच वाटते. जन्मभर पाण्याशी भांडलेला हात तो, त्याच्याने ओलं फडकं काही गुंडाळवेना. त्यांनी खोक्यात ठेवून बल्ब लावला, वरून घोंगडीही टाकली. सकाळी उघडून बघतात तर वरच्या काठापासून खालच्या काठापर्यंत चीर. नख जाईल एवढी.

ऑर्केस्ट्राचा मालक दर्शन. त्याने कराडच्याच एका बँडवाल्याकडून दुसरा साइड ड्रम मिळवला आणि फणसाच्या ड्रमचं लाल रेक्झिनचं वेष्टण त्याच्यावर चढवलं. "राजापूरलाही हाच वाजवा. म्हाताऱ्याला खालून काय कळतंय?"

भाऊंनी ऐकलं. इथेच चुकलं, असं ते आजही म्हणतात.

राजापूरचा कार्यक्रम झाला. दादा काठी टेकत मंचावर आले. वेष्टणाखालच्या काठावरून त्यांनी बोटं फिरवली.

"बरा वाजला," ते म्हणाले.

"दादा, घाटावरची हवा लागलीय जरा."

"लागली असेल. काशा, आज वस्तीला ऱ्हा आमच्याकडे. सकाळी जा."

"नाही हो दादा, टेम्पो निघतोय."

टेम्पो दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणं झाल्यावर निघायचा होता, आणि हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

घरी आल्यावर भाऊंनी ड्रम गोणपाटात बांधून माळ्यावर टाकला. बल्ब नाही, खोका नाही. बघवत नव्हता म्हणून. वहिनी मधूनमधून म्हणायच्या, "एक फोन करा दादांना." हे म्हणायचे, "काय सांगू? तुम्हाला तोंडावर फसवलं म्हणून?" असे दोन पावसाळे गेले. मग नवरात्र संपल्यावर एके सकाळी, गोणपाटातला ड्रम काखेत मारून ते राजापूरच्या एस.टी.त बसले.

दादा ओटीवर होते. त्यांनी ड्रम मांडीवर घेतला, डोळ्यांजवळ नेऊन चीर पाहिली.

"कराडची?"

"हो."

"नवी होती तेव्हा सुतारी सरस भरून वर लोखंडी कडं आवळलं असतं. अर्ध्या दिवसाचं काम. आता दोन पावसाळ्यांचं पाणी पिऊन लाकूड फुगलं, चिरेची एक कड वर आली, एक खाली गेली. आता नाय जुळायच्या त्या."

भाऊंनी विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला कळलं होतं?"

"हात लावला तेव्हाच. फणसाचा काठ मी तासलाय रे, तो एवढा गुळगुळीत नाय." दादांनी ड्रम खाली ठेवला. "म्हणून तर ऱ्हा म्हटलं. चूक कोण करत नाय? घरी येऊन हत्यारं बाहेर काढून ठेवली होती. म्हटलं, टेम्पो सुटायच्या आत सकाळी तरी घेऊन येईल. दुपारी परत ठेवून दिली."

रागाचं अवाक्षर नाही. भाऊ म्हणतात, दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळ व्हायला आली. भाऊंनीच विचारलं, "दादा, आज राहू का?"

"ऱ्हा की."

ते राहिले. सकाळी दोघांनाही करण्यासारखं काम नव्हतं. ओटीवर बसून चहा प्यायले, आणि आठच्या गाडीने भाऊ घरी आले.