‘दोन्ही सारखंच’ असं मी लिहिलं नाही

जेद्दातल्या एका हॉस्पिटलात, छातीच्या आजारांच्या वॉर्डात मी अकरा वर्षं नर्स आहे. सिगारेट माणसाचं काय करते हे मला कोणी शिकवायला नको. तरीही गेल्या वर्षी तंबाखूविरोधी आठवड्यात मी एक पोस्टर लिहायला नकार दिला, आणि तेव्हापासून ‘ही सिगारेटवाल्यांची बाजू घेते’ असं माझ्यामागे बोललं जातं. ते ऐकलं की अजून माझं डोकं तापतं.

त्याची सुरुवात घरातून झाली. माझे मिस्टर बंदरावर क्रेन चालवतात. आम्ही दोघंही श्रीवर्धनकडचे. लग्नाच्या आधीपासून ते सिगारेट ओढायचे. मी विनवण्या केल्या, अबोला धरला. प्रत्येक रमजानमध्ये ते सोडायचे आणि ईदच्या चहाबरोबर पुन्हा पेटवायचे. आम्ही बलदमध्ये, म्हणजे जेद्दाच्या जुन्या भागात, एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. चढताना ते दुसऱ्या मजल्यावर थांबून कठड्याला धरायचे आणि मोबाइल बघायचं नाटक करायचे. मी वर दार उघडून उभी असायचे. त्यांच्या छातीतली शिट्टी मला तिथूनच ऐकू यायची.

मग त्यांच्या एका सोबत्यानं त्यांना वेप, ती बॅटरीवरची ई-सिगारेट, घेऊन दिलं. घरी आणल्यावर मीच ओरडले, “हे नवीन काय खूळ?”

“धूर नाही गो यात, वाफ आहे. बघू तर दे.”

वेप म्हणजे काही अमृत नव्हे. त्यातही निकोटिन असतं, आणि पुढे वीस वर्षांनी त्याचं काय होतं हे आज कुणालाच ठाऊक नाही. हे सगळं मी त्यांना सुनावलं. पण महिन्याभरात सिगारेट सुटली. पूर्ण सुटली. सकाळचा खोकला आधी कमी झाला, मग थांबला. एक दिवस पाण्याचा मोठा कॅन खांद्यावर घेऊन ते न थांबता तिन्ही मजले चढून आले आणि दारात उभे राहून हसले. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. त्यांना कळू दिलं नाही.

आठ-नऊ महिने असे चांगले गेले. मग वेपवरचा कर वाढून सिगारेटइतका झाला. वेपमध्ये भरायच्या लिक्विडच्या बाटलीची किंमत एकदम चढली. निकोटिनच्या छोट्या पुड्या मिळतात, ओठाखाली ठेवायच्या, ना धूर ना वाफ. त्यासुद्धा महागल्या. लोकांच्या आरोग्यासाठी कर, असं सगळीकडे सांगितलं जात होतं. मी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. ती माझी चूक.

एका शुक्रवारी कपडे धुवायला टाकताना मिस्टरांच्या कामाच्या डगल्याच्या खिशात सिगारेटचं पाकीट हाताला लागलं. मी ते जेवणाच्या टेबलावर त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं.

“हे कधीपासून?”

ते भात कालवत म्हणाले, “दीड महिना झाला.”

“आणि वेप?”

“काय सांगू तुला? बाटली परवडत नाही. आता दोन्ही एकाच भावात पडतात. गावी आईच्या औषधाचे पैसे पाठवायचे की वाफ ओढायची? आणि तेवढेच पैसे द्यायचे तर मग सिगारेट काय वाईट, तलफ तरी भागते.”

आमची मुलगी नववीत आहे, इथल्या इंडियन स्कूलमध्ये. ती ताटावरून मान न उचलता म्हणाली, “बट अब्बा, बोथ आर पॉयझन. टीचरनं सांगितलंय.”

मिस्टर तिच्याकडे बघून हसले आणि मला म्हणाले, “बघ. दोन्ही सारखंच.”

ते दोन शब्द माझ्या डोक्यात अडकले. आठवड्याभरानं हेड सिस्टरनं मला बोलावलं. त्या फिलिपिन्सच्या, शिस्तीच्या आणि मनानं चांगल्या. पोस्टरचा इंग्रजी मजकूर पुढे करून म्हणाल्या, “याचं हिंदी करून दे. तुझ्या देशाचे पेशंट इथे खूप येतात.” मी वाचलं. सिगारेट असो की वेप, दोन्ही सारखंच घातक. दोन्हींवर सारखाच कर, योग्यच आहे.

“सिस्टर, हे मी लिहिणार नाही.”

“का?”

“कारण ते सारखं नाही. पेटलेला तंबाखू माणसाचं काय करतो ते आपण दोघी रोज बघतो. माझ्या घरात एक माणूस त्यातून बाहेर पडला होता. बाहेरची वाट आतल्याइतकीच महाग झाली, आणि तो परत आत गेला.”

“आणि शाळेतली मुलं? स्वस्त वेप मिळालं की ती सुरू करतात. तुलाही मुलगी आहे.”

हा मुद्दा खरा होता, आणि मी तो टाळला नाही. “मुलांना विकणाऱ्याचं दुकान बंद करा. ओळखपत्र बघितल्याशिवाय देऊ नका. सिगारेटवर हवा तेवढा कर लावा, मी टाळ्या वाजवीन. पण सिगारेट सोडून वेपवर आलेल्या माणसावर तोच कर कशासाठी?”

सिस्टरनी कागद परत घेतला आणि दुसऱ्या नर्सला दिला. पोस्टर लागलं. सोडायचं असेल तर आमचं क्लिनिक आहे, असंही त्यावर खाली लिहिलं होतं. क्लिनिक सकाळी चालतं. मिस्टरांची सकाळची ड्यूटी असते.

वॉर्डातल्या मोठ्या डॉक्टरांना मी जिन्यात गाठून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “तुझ्या नवऱ्याचं म्हणशील तर तू बरोबर आहेस. पण हे मी पोस्टरवर लिहू शकत नाही.” मला त्यांचा राग आला. ज्याला पटलंच नाही अशा दुसऱ्या कुणी नाही म्हटलं असतं तर इतका आला नसता.

मिस्टरांचा खोकला परतला तेव्हा मी ठरवलं. पगार झाल्यावर युनिफॉर्मवर अबायाचा काळा झगा घालून मी बलदमधल्या वेपच्या दुकानात गेले. आत सगळे पुरुष. काउंटरवरचा माणूस गोंधळून हिंदीत म्हणाला, “सिस्टर, आप?”

“मिस्टरांसाठी.” मी बाटलीचं नाव सांगितलं. त्यानं ती काढून दिली, भाव सांगितला आणि स्वतःच म्हणाला, “बहुत लोग छोड के वापस सिगरेट पे चले गए, सिस्टर. हम क्या करें?”

माझ्याशेजारी एक कामगार उभा होता, लेबर कॅम्पातला असावा, अंगावर कंपनीचे कपडे. त्यानं माझ्या हातातली बाटली पाहिली, किंमत ऐकली, आणि काही न घेता बाहेर पडला. समोरच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, जाऊन त्यानं सिगारेटचं पाकीट घेतलं. काचेतून मला ते स्पष्ट दिसलं.

मिस्टर आता पुन्हा वेपवर आहेत. बाटली माझ्या पगारातून येते. मुलीची सुट्टीतली गावची फेरी त्यासाठी आम्ही एक वर्ष पुढे ढकलली, आणि ती माझ्यावर रागावलेली आहे. त्यांचा खोकला गेला आहे. बाटलीतलं निकोटिन थोडं थोडं कमी करत न्यायचं, असं आमचं ठरलं आहे. ते जमेल की नाही, मला खरंच माहीत नाही.